अंगणातली आगंतुक झाडं: खुरपं कधी चालवायचं, कुठे आणि कसं

घराभोवती दोन-तीन गुंठे मोकळी जागा मिळाली की पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळं गोड असतं. मग मृगाच्या सरी पडतात आणि तीन-चार आठवड्यांत गुडघाभर हिरवं उभं राहतं. भेटायला आलेले "वा, काय हिरवंगार आहे!" म्हणून जातात. आमच्याकडे, पुण्याच्या पश्चिमेला, असंच झालं. पहिल्या वर्षी आम्ही ऑगस्टमधल्या एका रविवारी कोयता घेतला आणि ती सगळी हिरवाई, पांढऱ्या फुलांसकट, सपासप कापून कोपऱ्यात रचून ठेवली. पुढच्या वर्षी दुप्पट आली. तेव्हा कळलं की आम्ही तण काढलं नव्हतं, त्याची पेरणी केली होती.

त्यानंतर जे शिकलो ते दोन वाक्यांत सांगता येईल. फूल यायच्या आत काढा, आणि काढलेली जागा उघडी ठेवू नका. खाली लिहिलंय तो या दोन वाक्यांचा तपशील आहे. तो आमच्यासारख्या देशावरच्या अंगणाला धरून आहे. कोकणात, गोव्यात पाऊस जास्त आणि झाडं थोडी वेगळी, पण रीत तीच.

पहिली पायरी: हात न लावता एक फेरी

खुरपं घरात ठेवून फक्त बघत फिरा. अंगणात आपोआप उगवलेलं सगळं काही शत्रू नसतं. आघाडा, माका, दूर्वा, केना, भुईआवळी, घेटुळी, कुर्डू ही इथली जुनी मंडळी आहेत. त्यातल्या आघाडा, माका आणि दूर्वा तर गणपतीत पैसे देऊन विकत आणतो. ही झाडं जागा वाटून घेतात. आगंतुक, म्हणजे परदेशातून आलेली झाडं जागा बळकावतात, आणि त्यांना खाणारे किडे, गुरं, रोग इथे फारसे नसल्यामुळे त्यांना कोणी अडवत नाही.

अंगणात नेहमी सापडणारे आगंतुक असे.

गाजरगवत. काही गावांत याला चटकचांदणी म्हणतात, बहुतेक ठिकाणी काँग्रेस गवत. पाने गाजरासारखी कातरलेली, फुलं बारीक, पांढरी, झुपक्याने येणारी. हे मूळचं मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण अमेरिकेतलं. १९५५च्या सुमारास ते पुण्यात फोफावलेलं दिसलं आणि तिथून त्याचा बोलबाला झाला. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं अशी सर्वत्र समजूत आहे. भारतातल्या त्याच्या तुरळक नोंदी मात्र त्याहून बऱ्याच जुन्या आहेत. 'काँग्रेस' हे नाव पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांमुळे पडलं की तेव्हाच्या सरकारमुळे, यावर प्रत्येक गावात वेगळा पक्ष आहे.

घाणेरी किंवा टणटणी. गुलाबी-पिवळ्या फुलांचे गुच्छ, खरखरीत पान, चुरगळलं की उग्र वास. ब्रिटिशांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली आणि ती कुंपण ओलांडून देशभर गेली. तिची पिकलेली काळी फळं लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांनी खाल्ली असतील, पण हिरवी फळं विषारी असतात. लहान मुलं असतील त्या घरात हे लक्षात ठेवा.

याशिवाय सुबाभूळ, पावसात भरभर वाढणारी रानमोडी, आणि नर्सरीतून आपण स्वतःच हौसेने आणलेल्या दोन गोष्टी: जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया, म्हणजे सिंगापूर डेझी, आणि कुंपणावरची गुलाबी आईस्क्रीम वेल. शरदात पुण्याच्या टेकड्यांवर लोक ज्याच्यात उभं राहून फोटो काढतात तो पिवळा-नारिंगी कॉसमॉसही मेक्सिकोकडचाच. त्याला काहीजण सोनकी म्हणतात. सोनकी वेगळी, ती सह्याद्रीची.

रोप लहान असताना ओळख चुकते. गाजरगवताचं पोर आणि शेवंतीचं रोप शेजारी ठेवलं तर नवखा माणूस हमखास शेवंती उपटतो. खूण अशी की फुलोऱ्याचा दांडा वर येण्यापूर्वी गाजरगवताची पानं जमिनीला चिकटून ताटलीसारखी गोल पसरतात. शंका असेल तर एक रोप राहू द्या, शेजारी काडी रोवून ठेवा आणि रोज बघा. पहिली पांढरी कळी दिसली की निकाल लागतो.

दुसरी पायरी: मुहूर्त

पुण्याकडे पहिला चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत गाजरगवताची पहिली फळी उगवते. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात ते फुलायला लागतं. म्हणजे जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हाताशी दोन-तीन आठवडे असतात. तेव्हा रोप वीतभर असतं, माती ओली असते, मूळ अख्खं येतं. एक माणूस एका सकाळी गुंठाभर जागा सहज साफ करतो. हेच काम सप्टेंबरपर्यंत ढकललं तर तिघांना दिवस पुरत नाही, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच.

पाऊस पडून गेल्यावर लगेच चिखलात उतरू नका. वाफसा येऊ द्या. माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटाने ढकलला की फुटतो, ती वेळ. चिखलात चालून माती दाबली गेली की पुढे दुसरं काही नीट उगवत नाही, आणि दबलेल्या जागी गाजरगवत मात्र खुशाल येतं.

एक युक्ती इथेच सांगते. मेअखेरीस, पावसाच्या आधी, जागेला दोन-तीनदा पाणी द्या. वरच्या थरातलं बी फसून उगवतं. ते बोटभर झालं की खुरप्याने वरवर खरवडून टाका. मग पावसात येणारी फळी पातळ असते. खोल खणू नका. खाली गाडलेलं जुनं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि खणलं की आपणच त्याला उजेड दाखवतो. कुदळ मारून माती पालथी घालण्याची आपली जुनी सवय इथे घात करते.

तिसरी पायरी: गाजरगवत उपटणं

पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडावर रुमाल किंवा मास्क. हा बाऊ नव्हे. या गवताच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ येतं, पापण्या आणि मान सुजते, परागाने शिंका आणि दमा बळावतो. ही अ‍ॅलर्जी पुष्कळदा पुन्हापुन्हा संपर्क आल्यावर सुरू होते, त्यामुळे "मला काही होत नाही" असं म्हणणाऱ्याने तर जास्त जपावं. आमच्याकडे हाताखाली येणाऱ्या मावशी पहिली दोन वर्षं उघड्या हातांनी उपटायच्या. तिसऱ्या वर्षी कोपरापर्यंत लाल चट्टे आले. आता घरातले मोजे आधी त्यांना देते, मग मी घालते. कामावरून आल्यावर ते कपडे वेगळे धुवा.

रोप बुडाशी, मातीला लागून धरा, किंचित पिळा आणि सरळ वर ओढा. मूळ सोटासारखं असतं, ओल्या मातीत अख्खं सुटतं. मूळ तुटलं तर खुरप्याचं टोक घालून बुडखा काढा. वरून कापू नका. कापलेल्या बुडख्याला बाजूने चार फांद्या फुटतात आणि त्या आखूड फांद्या आणखी लवकर फुलतात. गवत कापायचं यंत्र फिरवूनही हेच होतं.

फुलं आलेलं झाड सापडलं तर आधी त्याच्या डोक्यावर पिशवी घाला, मग उपटा. एका मोठ्या झाडाला दहा हजारांहून जास्त बी धरू शकतं, आणि ते इतकं हलकं असतं की बुटाच्या चिखलाला आणि गाडीच्या टायरला चिकटून गावभर फिरतं.

पावसाळ्यात कधी पानांची चाळण झालेलं गाजरगवत दिसेल. जरा वाकून बघा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगेरे असतील तर ते आपले मदतनीस आहेत. मेक्सिकन भुंगेरा म्हणून ते ओळखले जातात. १९८३ मध्ये ते मेक्सिकोतून बंगळुरूला आणले, तपासले आणि मग देशात सोडले. त्यांच्यावर काही फवारू नका. पण त्यांच्यावर विसंबूनही राहू नका. ते पावसाळ्यात खातात, पाऊस सरला की मातीत जाऊन झोपतात. मोठ्या माळासाठी ते ठीक, तीन गुंठ्यांसाठी खुरपंच बरं.

चौथी पायरी: घाणेरीची जाळी

आधी काठीने जाळी बडवा आणि पाच मिनिटं थांबा. खाली घोणस किंवा फुरसं असू शकतं. मग आत डोकावून घरटी बघा. बुलबुल आणि मुनिया घाणेरीत घरटं करतात. पिल्लं असतील तर तीन आठवडे काम पुढे ढकला, जाळी कुठे पळून जात नाही.

घाणेरी जमिनीलगत तोडली तर पुन्हा फुटते, जाळली तर आणखी जोमाने फुटते. मुळापासून खणून काढली तर माती इतकी उकरली जाते की त्या खड्ड्यात तिचंच बी उगवतं. यावर दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी सुचवलेली रीत साधी आहे. झाडाचं खोड जिथे मुळाला मिळतं तो भाग, म्हणजे जमिनीखालचे एक-दोन इंच, फुटवे देतो. त्याच्याखाली मुख्य मूळ तोडायचं. तेवढ्यापुरती माती बाजूला करा, कुऱ्हाडीने किंवा छोट्या टिकावाने घाव घाला आणि अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवा. मुळं आभाळाकडे. मातीला टेकलेली फांदी मूळ धरते, पण उलटं पडलेलं झुडूप वाळून जातं. खालचं मूळ जागच्या जागी कुजतं आणि माती हलत नाही.

हे काम फळं धरायच्या आधी करा. जाळी मोठी असेल तर एका वर्षात सगळी काढू नका. फुलपाखरं तिच्यावर जगत असतात. एकदम साफ केलीत तर अंगण सुनं होतं. मी तीन तुकडे केले, दर पावसाळ्याला एक. रिकाम्या झालेल्या तुकड्यात अडुळसा, निर्गुडी आणि एक धायटी लावली. पुढची दोन वर्षं बुलबुलांच्या विष्ठेतून घाणेरीची पोरं उगवत राहतात, विशेषतः तारांखाली आणि झाडांच्या बुंध्याशी. ती चार पानांवर असताना दोन बोटांनी निघतात.

सुबाभूळ, रानमोडी आणि वेली: थोडक्यात

सुबाभूळ पहिल्या पावसाळ्यातच उपटा. कंबरेएवढी झाली की पहार लागते. मोठी झाली आणि तुम्ही शहराच्या हद्दीत असाल तर कुऱ्हाड उचलण्याआधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे विचारा. महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, आणि स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी परवानगी लागते. तोडल्यावर बुंधा फुटत राहतो. दर पंधरा दिवसांनी कोंब हाताने मोडत राहिलं की साधारण वर्षभरात तो थकतो. शेंगा हिरव्या असतानाच उतरवून घ्या, कारण सुकून तडकल्या की खाली बियांचा सडा पडतो आणि ते बी अनेक वर्षं उगवत राहतं.

रानमोडी थंडीत फुलते आणि तिचं बी म्हातारीसारखं उडतं. तिला दिवाळीच्या आत काढा. ओल्या मातीतून सहज येते.

वेडेलियाचं प्रत्येक पेर मूळ धरतं. तिला उपटताना तुटलेला बोटभर तुकडाही राहू देऊ नका. आईस्क्रीम वेलीला जमिनीत गड्डे असतात. वेल तोडून उपयोग नाही, बुडाशी खणून गड्डे काढावे लागतात, तेही दोन-तीन हंगाम. नर्सरीवाला सांगतो, "काहीच करावं लागत नाही, आपोआप पसरते." हे वाक्य ऐकलं की पैसे परत खिशात ठेवावेत.

पाचवी पायरी: उपटलेल्याचं काय करायचं

इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. जाळू नका. धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो, पालिका दंड करू शकते आणि त्या जागची माती भाजून निघते ती वेगळी.

न फुललेलं गाजरगवत, सुबाभळीचा पाला, रानमोडी: हे सगळं चांगलं खत आहे. कंपोस्टमध्ये शेणाच्या काल्याबरोबर थर द्या, किंवा झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा. मुळं मातीला लागणार नाहीत अशी पसरा, नाहीतर पाऊस आला की ती पुन्हा बसतात.

फुललेलं कंपोस्टमध्ये टाकू नका. घरचा ढीग बी मारण्याइतका तापत नाही. त्यासाठी झाकणाचा पिंप घ्या, त्यात ते दाबून भरा, पाणी ओता, वर दगड ठेवा आणि महिना-दीड महिना सडू द्या. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतील. वास येतो, खोटं कशाला बोलू. पिंप स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब ठेवा. पिंपातून निघालेला गाळ मी पहिल्या वर्षी फक्त एका कुंडीत वापरून पाहिला. गाजरगवत उगवलं नाही, तेव्हाच बाकीचा अंगणात गेला. तुम्हीही आधी कुंडीत तपासा.

जिथे उपटणं शक्य नाही

फरशीच्या फटी: किटलीत उकळतं पाणी घ्या आणि रोपाच्या बुडाशी ओता. कोवळी रोपं त्या दिवशीच मान टाकतात. पाय सांभाळा.

तणाने पूर्ण भरलेला वाफा: एप्रिल-मेचं ऊन कामाला लावा. जागा सपाट करा, भरपूर पाणी द्या, पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असं ताणून अंथरा, कडा मातीत पुरा आणि चार ते सहा आठवडे ठेवा. काळं नको, पारदर्शकच; ऊन आत शिरून माती तापली पाहिजे. वरच्या दोन-तीन इंचांतलं पुष्कळ बी मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खोल असतात, त्या याला दाद देत नाहीत. प्लास्टिक घडी करून पुढच्या वर्षीही वापरा, अंगणात फाटू देऊ नका.

प्लास्टिक नको असेल तर पुठ्ठे. खोकी उलगडा, चिकटपट्ट्या आणि पिना काढा, कडा एकमेकांवर वीतभर येतील असे अंथरा, भिजवा आणि वर सुक्या पाचोळ्याचा चार-सहा इंच थर द्या. आंब्याची पानं लवकर कुजत नाहीत, म्हणून यासाठी उत्तम. वेडेलियावर आमच्याकडे हाच एक उपाय लागू पडला.

मिठाचं पाणी, व्हिनेगर आणि भांडी घासायचा साबण यांचं मिश्रण सगळीकडे फिरत असतं. व्हिनेगर पानं करपवतं, मूळ राहतं. मीठ मातीत मुरतं आणि मग तिथे तुम्हाला हवं तेही उगवत नाही. 'घरगुती' आहे म्हणून निरुपद्रवी नसतं. ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाबद्दल विचाराल तर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी तीन गुंठ्यांना विष कशाला? खुरपं पंचाहत्तर-शंभर रुपयांना मिळतं.

सहावी पायरी: जागा भरणं

आम्ही हे सगळ्यात उशिरा शिकलो. साफ केलेली उघडी माती म्हणजे गाजरगवताला आमंत्रण. उपटल्याच्या त्याच दिवशी तिथे काहीतरी गेलं पाहिजे.

टाकळा, म्हणजे तरोटा, यात पहिला. दाट उगवतो, गाजरगवताच्या बरोबरीने वाढतो आणि त्याला सावलीत गाठतो. त्याची कोवळी पानं पावसाच्या सुरुवातीला भाजीला होतात; कांदा, लसूण, वरून खोबरं. नोव्हेंबर-डिसेंबरात रस्त्याकडेच्या सुक्या शेंगांतून बी गोळा करा, मेअखेरीस फोका, म्हणजे मुठीने विखरून पेरा. फक्त बी ओळखून घ्या. टाकळ्यासारखीच दिसणारी, केसाळ पानांची एक परदेशी जात पुण्याच्या आसपास पसरली आहे. गाजरगवताला हटवायला तीही चांगली, असं सांगणारे भेटतील. एका पाहुण्याला काढून दुसऱ्याला पाट मांडण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुसरा तेरडा. एकदा बी टाकलं की दर पावसाळ्यात आपला आपण येतो, आणि गौरी आणायला बाजारात जावं लागत नाही. त्याचा रंग तीन दिवस असला तरी पानांची सावली तीन महिने टिकते. तेरडा संपला की झेंडू. मोठा मोकळा तुकडा असेल तर ताग किंवा चवळी फोका आणि फुलायच्या सुमारास तिथेच मातीत मिसळा. रोजच्या वावराच्या जागी दूर्वा पसरू द्या.

सातवी पायरी: दार बंद करणं

चौथ्या वर्षी आमचं अंगण जवळपास स्वच्छ होतं. मग बागेसाठी एक ट्रॉली लाल माती मागवली. देणाऱ्याने "एकदम चाळलेली" म्हणून दिली. तीन आठवड्यांत त्या ढिगावर गाजरगवताची गादी उगवली. आता कोणतीही माती किंवा शेणखत आलं की आधी कोपऱ्यात पसरून पाणी मारते आणि महिनाभर काय उगवतं ते बघते. नर्सरीच्या कुंडीचंही तसंच. रोप लावण्याआधी वरची इंचभर माती काढून टाकते.

दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा, चहा झाल्यावर पंधरा मिनिटांची फेरी. पाण्याचा नळ, मोरी आणि कुंड्यांची रांग या ओलाव्याच्या जागी गाजरगवत बारा महिने उगवतं, तिथे उन्हाळ्यातही लक्ष हवं.

राहता राहिला शेजारचा रिकामा प्लॉट. प्रत्येकाच्या शेजारी एक असतोच, आणि त्याचा मालक नेहमी दुसऱ्या गावी. आम्ही फोनवर परवानगी घेतली आणि कुंपणापलीकडचा चार हातांचा पट्टा जुलैत साफ करून तिथे टाकळा फोकला. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजरगवत जागृतीसाठी पाळतात, तेव्हा सोसायटीतली दहा-बारा माणसं तरी मोजे घालून येतात, मुलांना मात्र कडेलाच उभं करतो. यंदा त्या पट्ट्यातला टाकळा इतका दाट आला की समोरच्या काकू पिशवी घेऊन भाजी खुडायला आल्या. त्यांना आधी विचारलं, पानं केसाळ नाहीत ना ते बघितलंत का?